उडत्या फिनची गाडी

गुरुवार होता, म्हणून वाटाण्याचं सूप होतं. हाउक्काला गावात गुरुवारी एखाद्या घरात दुसरं काही शिजत असेल, तर तिथे कुणी आजारी आहे किंवा हेलसिंकीहून सून आली आहे असं खुशाल समजावं.

किर्सी लेम्पिनेन दर गुरुवारी शहरातलं ग्रंथालय बंद करून बापाकडे यायची, सूप प्यायची आणि उजेड असेपर्यंत परत निघायची. त्या गुरुवारीही ती आली, पातेलं गरम करून चुलीवरून उतरवलं आणि शेडमध्ये जाऊन बापाच्या पायांसमोर उभी राहिली. बाकीचा बाप गाडीखाली होता. किर्सीचं अर्धं बालपण या पायांशी बोलण्यात गेलं होतं, त्यामुळे तिला त्यात वावगं वाटत नसे. पायांवरूनही तिला कळायचं, बाप खुशीत आहे की नट अडकलाय.

"सूप निवतंय, बाबा."

"निवू दे. गरम सूप घाईच्या माणसांसाठी."

"आणि तू?"

"मी फक्त शर्यतीच्या रविवारी घाईत असतो."

गाडी नारिंगी होती. म्हणजे पोचे आणि वेल्डिंगचे डाग सोडून जेवढी उरली होती तेवढी नारिंगी. काचा काढलेल्या, दारं सांधून बंद केलेली, आत लोखंडी पिंजरा. कुणीही उठावं, भंगारातली गाडी ठाकठीक करावी आणि रविवारी खडीच्या खाणीतल्या वाटेवर पळवावी, अशा शर्यती आमच्याकडे गावोगाव असतात. या गाडीच्या पाठीवर खिडक्यांना लावायच्या पांढऱ्या रंगाने बापाने, म्हणजे आर्नेने, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : उडता फिन.

आता हे नाव काही आर्नेच्या मालकीचं नव्हतं. शंभर वर्षांमागे परदेशी वर्तमानपत्रांनी ते आमच्या, म्हणजे फिनलंडच्या, धावपटूंना दिलं. धावपटूंकडून ते मोटारी हाकणाऱ्यांकडे आलं. देश लहान, माणसं थोडी. घरात एकच चांगला कोट असावा आणि तो सगळ्या भावांनी आपापल्या लग्नात आळीपाळीने घालावा, तसं हे नाव आम्ही वापरत आलो आहोत. कुणाला बाह्या आखूड होतात, कुणाला खांद्यात सैल, पण कोट चांगला आहे.

आर्नेला तो मिळाला त्यात वेगाचा संबंध कमीच होता. फार वर्षांपूर्वी खाणीतल्या दुसऱ्या वळणावर त्याची गाडी वळायची विसरली. बांध ओलांडला, चर ओलांडला आणि ती हिल्काच्या सॉसेजच्या टपरीवर उतरली. हिल्का मोहरीचा सॉस संपला म्हणून घरी गेली होती, म्हणून वाचली. पाहणारे अजून सांगतात की हवेत असताना आर्नेने हात हलवून सगळ्यांना नमस्कार केला. आर्ने म्हणायचा, मी काहीतरी धरायला शोधत होतो. ते काही असो, त्या संध्याकाळपासून तो उडता फिन झाला, आणि सोमवारी शाळेत किर्सी उडत्या फिनची पोर झाली. पोरं दोन्ही हात पसरून तिच्याभोवती फिरायची. त्यानंतर गावातल्या यच्चयावत माणसांनी हे नाव घेतलं, पोस्टमनने घेतलं, एकदा चर्चमध्ये पाद्रीबाईंच्याही तोंडून निसटलं. घेतलं नाही ते एकट्या किर्सीने. शर्यत पाहायलाही ती कधी गेली नाही.

"पुढच्या महिनाअखेरीला हंगामातली शेवटची आहे," गाडीखालून आवाज आला. "तेवढी झाली की हिला कोठारात ठेवणार. वर चादर घालणार. थकली बिचारी. येतेस बघायला?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही."

"बघू म्हणजे बघू, बाबा."

"बरं," पाय म्हणाले. "सूप वाढ."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर्तमानपत्र पेटीतच राहिलं, म्हणून शेजारचा कालेर्वो पाहायला गेला. आर्ने शेडबाहेरच्या बाकावर बसला होता, टोपी गुडघ्यावर. कालेर्वो त्याच्याशेजारी थोडा वेळ बसला. मग उठला, आर्नेच्या अंगणातला झेंडा अर्ध्यावर आणला आणि किर्सीला फोन केला.

दफनानंतरच्या कॉफीला चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव होतं. किर्सीने काळ्या पोशाखात, केकची बशी हातात धरून, हळू आवाजात सांगितलं, "बाबांची शेवटची फेरी मी मारणार आहे. मग गाडी कोठारात. चादर त्यांनी काढून ठेवलेली आहे."

आमच्याकडे एखाद्या गोष्टीला कडाडून विरोध करायचा असेल, तर लोक कॉफीचा दुसरा कप घेतात. त्या दिवशी किटली दोनदा भरावी लागली.

"फेरी मारायला काय लागतं?" शेवटी कालेर्वो म्हणाला. "बसायचं आणि मारायची."

ज्या ज्या कामाच्या सुरुवातीला कालेर्वो 'काय लागतं' म्हणाला आहे, त्या त्या कामाने हाउक्कालाच्या इतिहासात जागा मिळवली आहे. चर्चच्या छपराची गळती हे त्यांतलं एक.

शर्यती भरवणाऱ्या क्लबचा सचिव योर्मा फोनवर फार अदबीने बोलला. आर्नेबद्दल वाईट वाटलं, गाडीबद्दल आदर आहे, पण विमा फक्त स्पर्धकांचा असतो. नुसती आठवणीची फेरी मारायची सोय नाही.

"मग मी स्पर्धक होते," किर्सी म्हणाली.

"परवाना लागेल."

"काढते."

"वर्ग करावा लागतो."

"करते."

योर्माने पलीकडे कॉफी ओतल्याचा आवाज आला.

वर्गात किर्सी सोडून सगळी पंधरा-सोळा वर्षांची होती. तिच्या हनुवटीखाली चष्म्याची साखळी होती, त्यांच्या हनुवटीवर नुकती कुठे लव. ग्रंथालयात हीच मंडळी तिला पाहून आवाज खाली आणायची. इथे त्यांनी तिला निशाणांचे रंग समजावून सांगितले. शिक्षक नियमांचं शेवटचं प्रकरण काढत होते, तेवढ्यात कबरीचा दगड बसवणाऱ्याचा फोन आला. दगड राखी हवा की काळा? किर्सी व्हरांड्यात गेली. राखी, म्हणाली. गुळगुळीत की खडबडीत? ती परत आली तेव्हा वर्ग संपून सगळे बन खात होते. "काही राहिलं का?" तिने विचारलं. शिक्षक म्हणाले, "तुला काय सांगायचं? आर्नेची मुलगी तू. पाळण्यातच ऐकलं असशील."

हे वाक्य तिला पुढचे तीन आठवडे सगळीकडे ऐकायला मिळालं. आर्नेच्या मुलीला क्लच काय सांगायचा. आर्नेच्या मुलीला पट्टा काय दाखवायचा. वस्तुस्थिती अशी होती की आर्नेच्या मुलीला जगातल्या बऱ्याच कादंबऱ्या तोंडपाठ होत्या आणि रोजची गाडी चालवण्यापलीकडे गाडीतलं रेडिओचं बटण तेवढं ओळखू यायचं, तेही या गाडीला नव्हतं.

मग अडचण उंचीची आली. बाप उंच, लेक आईवर गेलेली. आर्नेच्या बैठकीवर बसल्यावर किर्सीला समोर फक्त आभाळ दिसे. कालेर्वोने बैठक पुढे सरकवून खाली फळी सांधली. आता पाय पोचले, पण गुडघे स्टिअरिंगला लागले. त्याने फळी काढली. आता गुडघे सुटले आणि समोर पुन्हा आभाळ आलं. शेवटी हिल्कामावशी मध्ये पडली. किर्सीला ती लहानपणापासून मावशी. खरं नातं टपरीचं. तिने आपल्या मागावरच्या चिंध्यांच्या सतरंजीतून एक जाडजूड उशी शिवून आणली, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. आर्नेच्या शर्यतीच्या पोशाखाच्या बाह्याही तिनेच आत दुमडून टाके घातले.

"ब्रेकला पाय लावू नकोस," कालेर्वोने सल्ला दिला. "ब्रेक भित्र्यांसाठी."

"ब्रेकवरून पाय काढू नकोस," हिल्का म्हणाली. "मला टपरी पुन्हा बांधायची नाही."

"ती टपरी आर्नेने आधीपेक्षा चांगली बांधून दिली होती."

"पण दार उलट्या बाजूला बसवलं होतं! इतकी वर्षं मी मागे वळून सॉसेज देतेय."

किर्सीने दोन्ही सल्ले ऐकून घेतले. गाडी कोठारात न्यायची एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्यासाठी एक फेरी मारायची, त्यासाठी ब्रेक, त्यासाठी उशी. एखादा शब्द पाहायला शब्दकोश उघडावा आणि संध्याकाळपर्यंत भलत्याच अक्षरात भटकत राहावं, तसं तिचं झालं होतं. फरक एवढाच की इथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या.

शर्यतीच्या सकाळी तपासनिसाने गाडीला प्रदक्षिणा घातली. पिंजरा हलवून पाहिला, पट्टा ओढला आणि आत वाकला.

"हे काय आहे?"

"उशी," किर्सी म्हणाली.

"शर्यतीत उशी चालत नाही."

"मी शिवलीय," हिल्का म्हणाली.

"सुंदर आहे. चालत नाही."

"टाके पाहा जरा. तुझ्या आईच्या लग्नातल्या चादरीलाही असे नव्हते."

तपासनिसाने आपल्या पेटीतून नियमात बसणारा फोमचा ठोकळा काढला, स्वतः बसवला, आणि उशी दोन्ही हातांनी, बाळ द्यावं तशी, हिल्काच्या हातात दिली.

बायकांच्या गटात सहा गाड्या होत्या. हिरवं निशाण पडलं आणि पाच गेल्या. किर्सीने आधी आरसा पाहिला, मग आरसा नाही हे आठवलं, मग निघाली. पहिल्या वळणावर आडवी झालेली एक गाडी उजवीकडून पुन्हा वाटेवर येत होती. किर्सी थांबली. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी हा नियम तिने गाडी चालवायला लागल्यापासून एकदाही मोडला नव्हता आणि बापाच्या शेवटच्या फेरीत मोडणार नव्हती. ती गाडीवाली इतकी गोंधळली की तिने आभार मानायला हात वर केला. ध्वनिक्षेपकावरचा माणूस जन्मभर या शर्यतींचं वर्णन करत आला होता. तो प्रथमच काही बोलला नाही.

दुसऱ्या वळणावर किर्सीने हिल्काचा सल्ला मानला. गाडी माणसाच्या चालीवर आली. शिरस्त्राण पुढे घसरून भुवयांवर आलं होतं, खालच्या फटीतून तिला कुंपण दिसलं, आणि कुंपणाला टेकलेली माणसं. कुणी ओरडत नव्हतं. एकामागून एक टोप्या डोक्यावरून खाली आल्या. टपरीत उलट्या दारातून मागे वळलेली हिल्का सॉसेजचा चिमटा छातीशी धरून ताठ उभी होती.

किर्सी शेवटची आली. तिच्या आधी आलेल्या बाईने तोवर कपडेही बदलले होते. पण फेरी झाली होती. किर्सी गाडीतून खिडकीवाटे बाहेर पडली, म्हणजे आधी डोकं, मग हात, मग बराच वेळ काहीच नाही, मग कालेर्वोने ओढल्यावर बाकीचं. "चला," ती म्हणाली. "कोठार उघडं ठेवलंय मी."

तेव्हा योर्मा समोर आला. त्याने टोपी हातात घेतली होती.

"किर्सी, गाडीवर बोली आल्यात."

"कसल्या बोली?"

योर्माने कालेर्वोकडे पाहिलं. कालेर्वोने आपल्या बुटांकडे पाहिलं. आणि मग, जे बापाने तिला पाळण्यातच सांगितलं असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, ते योर्माने तिला सांगितलं. कुणी गाडीवर फाजील पैसा ओतू नये म्हणून जुना नियम आहे. शर्यतीत उतरलेली प्रत्येक गाडी त्या दिवशी विक्रीला असते, सगळ्यांना एकच ठरलेली किंमत. परवाना असलेल्या कुणीही मागावी. एकापेक्षा जास्त मागणारे असले तर चिठ्ठी. नाही म्हणायची सोय नाही.

"पण बाबांकडे ती इतकी वर्षं होती."

"कुणी मागितली नाही कधी," योर्मा म्हणाला. "उडत्या फिनकडून गाडी कोण मागणार?"

"आणि आज?"

"आठ जणांनी."

किर्सीने आठ नावं ऐकली. सात हाउक्कालाची. दफनाच्या दिवशी तिने ज्यांना केक वाढला होता, तीच. शेवटून दुसरं नाव कालेर्वोचं होतं. त्याच्या आधीचं ऐकून तर ती मटकन टायरवर बसली.

"मावशी, तूसुद्धा? तुला परवाना कुठला?"

"काढला," हिल्का म्हणाली. वय वर्षं एकोणऐंशी. "तुझ्यानंतरच्या वर्गाला बसले, वेळ आलीच तर म्हणून. बन बरे होते."

"बाबांची गाडी हवी होती तर मला सांगायचं. पाठीमागून कशाला?"

"मला काय करायचीय गाडी! त्या पलीकडच्या गावच्या पोरीला मी चिठ्ठी टाकताना पाहिलं. म्हणून मीही टाकली. लागली तर तुला परत देणार होते."

"मीपण तेवढ्यासाठीच," कालेर्वो बुटांना म्हणाला.

मग मागून एकेकाने घसा खाकरला. सातही जणांनी, एकमेकांना पत्ता लागू न देता, एकाच पोरीपासून एकच गाडी वाचवायला चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

"अरे, मग मला आधी सांगितलं का नाही कुणी?" किर्सी म्हणाली. "गाडी उतरवायच्या आधी? विकावी लागते म्हणून?"

"तुला माहीत असेल असं वाटलं."

"तुला आधीच दुःख, त्यात आणखी कशाला."

"दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत बोलू नये."

यातलं प्रत्येक कारण आमच्याकडे सभ्यपणात मोडतं. सभ्यपणाने आमची जेवढी हानी केली आहे, तेवढी थंडीनेही केली नसेल.

तरी धीर सुटण्याचं कारण नव्हतं. आठांत सात चिठ्ठ्या घरच्या. कालेर्वोचा चेहरा उजळला. "काय लागतं!" तो म्हणाला, आणि हिल्काने त्याला कोपर मारलं, पण तोवर म्हणून झालं होतं.

चिठ्ठ्या आर्नेच्या शिरस्त्राणात टाकल्या. योर्माने डोळे मिटून हात घातला, एक काढली, वाचली, आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"साइमी रौतियो."

पलीकडच्या गावची पोर पुढे आली. दुधाची टँकरगाडी चालवायची ती. हातांना साबणाचा वास, केसांची घट्ट वेणी. आजूबाजूच्या शांततेतून तिला काहीतरी कळलं, काय ते कळलं नाही.

"हे बघ पोरी," कालेर्वो म्हणाला, "या गाडीचं असं आहे की—"

"काका," किर्सी म्हणाली. "राहू दे. नियम तो नियम."

ती ताठ उभी राहिली. पोशाखाच्या एका बाहीचे टाके सुटून बापाची बाही तिच्या बोटांखाली लोंबत होती. निदान किल्ली तरी नीट हातात द्यावी म्हणून तिने खिसे चाचपले. मग आठवलं की या गाडीला किल्ली नाही, बटण आहे. द्यायला तिच्याकडे काहीच नव्हतं. तिने हिल्काच्या काखेतली उशी घेतली आणि ती दिली.

साइमीने उशी उलटीपालटी करून पाहिली. "शर्यतीत उशी चालत नाही ना?"

"नाही चालत. घरी वापर."

"वळणावर तुमच्या गाडीचा आवाज ऐकला," साइमी म्हणाली. "तुम्ही तिला चालवत होता पायी, पण आत इंजिन नुसतं वाट बघत होतं. असं कुणी बांधलं?"

"माझ्या वडिलांनी."

"एक फेरी मारून बघू का? ट्रेलरवर चढवायच्या आधी?" आणि मग, आवाज खाली आणून, "मागचं नाव पुसायचं असलं तर तुम्हीच पुसा. मला नाही जमणार."

किर्सी गाडीच्या मागे गेली. पांढरी अक्षरं वेडीवाकडी होती. शेवटचं अक्षर जागा न पुरल्याने पत्र्याच्या कडेवरून वळलं होतं. तिने बाहीने त्यांच्यावरचा चिखल पुसला. नाव राहू दिलं.

"ते त्यांचंही नव्हतं," ती म्हणाली. "मागून घेतलेलं. तू वापर."

विम्याचं काय, असं योर्माच्या ओठांवर आलेलं सगळ्यांना दिसलं. पण तो म्हणाला, "मी कॉफी प्यायला चाललो. माझी पाठ असेल तिकडे," आणि खरोखरच पाठ करून गेला.

किर्सी दुसऱ्या वळणाशी, टपरीशेजारी कुंपणाला येऊन उभी राहिली. इथे ती कधी उभी राहिलेली नव्हती. इथून सगळी वाट दिसत होती, खाणीच्या कड्यापासून बर्चच्या पिवळ्या रांगेपर्यंत. बाजूला कुणी परगावचा म्हातारा सॉसेज खात होता, ओठाला मोहरीचा सॉस लागलेला. हिल्काने मागे वळून, काही न बोलता, किर्सीच्या हातात एक सॉसेज दिलं.

कड्याच्या आडून गाडी आली. हीच ती गाडी, हे ओळखायला किर्सीला क्षण लागला. हा आवाज तिने शेडच्या भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकला होता, पुस्तकात बोट ठेवून, कधी एकदा थांबतो म्हणून. उघड्यावर तो तसा नव्हता. साइमीने ब्रेकला पाय लावला नाही. गाडी वळणावर आडवी झाली, बांधाच्या कडेला चढली, आणि चारही चाकं जमिनीवरून सुटली. उंच नाही, फार वेळ नाही. पण मधून पलीकडचं आभाळ दिसलं. मग ती खाली बसली, खडी उडाली, आणि पांढरी अक्षरं थरथरत त्यांच्यासमोरून गेली.

"ओहो!" म्हातारा म्हणाला. "कुणाची गाडी ही?"

किर्सीने सांगितलं. तिचा आवाज ग्रंथालयातला होता. इंजिनाच्या गर्जनेत तो तिलाही ऐकू आला नाही.

"काय?" म्हाताऱ्याने कानाशी हात धरला.

किर्सीने श्वास घेतला. सॉसेज धरलेला हात आपोआप वर गेला, आणि बापाची लांब बाही वाऱ्यावर उडाली.

"उडता फिन!" ती ओरडली. कुंपणावरची सगळी माणसं वळली. "उडता फिन! माझा बाबा आहे तो!"